पाच पट्ट्यांमधलं नाव

घरात बाजाची पेटी असेल तर पांढरी सहा दाबा, मग पांढरी पाच, पुन्हा पांढरी सहा, मग सात आणि शेवटी पांढरी तीन. पाच स्वर झाले. जर्मन पद्धतीत या पट्ट्यांना अक्षरांची नावं आहेत: ए, जी, ए, एच, ई. ही अक्षरं जर्मन स्पेलिंगप्रमाणे ओळीने लिहिली की ‘आगाथे’ हे बाईचं नाव होतं, फक्त मधला ‘टी’ गळतो. टी नावाचा स्वर त्यांच्याकडे नाही, त्याला इलाज नाही.

योहानेस ब्राम्सने हे नाव आपल्या दुसऱ्या षट्कात घातलं. षट्क म्हणजे दोन व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो अशा सहा वाद्यांसाठी बांधलेली रचना. हिचा ओपस क्रमांक 36. पहिल्या भागात, 162व्या मात्राखंडापासून, संगीत चढत चढत जिथे उकळीला येतं तिथे व्हायोलिन हे नाव पुन्हा पुन्हा घेतात. रचना पूर्ण झाली 1865 मध्ये. तिच्याबद्दल ब्राम्स एका स्नेह्याजवळ म्हणाला की या कामाने आपण आपल्या शेवटच्या प्रेमातून मोकळे झालो. संगीतावरच्या पुस्तकांत हा किस्सा इतक्यांदा छापला गेला आहे की आगाथे म्हणजे ते पाच स्वर, एवढीच तिची ओळख उरली. मला ते पटत नाही. तिची गोष्ट नीट लावायची तर ती जिथे कुठेच नव्हती तिथून, तिच्या पाच वर्षं आधीपासून सुरुवात करावी लागते.

1853 च्या सप्टेंबरअखेर वीस वर्षांचा ब्राम्स ड्युसेलडॉर्फमध्ये शुमान दांपत्याच्या दारात उभा राहिला. रॉबर्ट शुमान तेव्हाचा नावाजलेला संगीतकार. त्याची बायको क्लारा त्याच्याहून जास्त नावाजलेली. युरोपातल्या पहिल्या फळीतल्या पियानोवादकांत तिची गणना होत होती. हॅम्बुर्गच्या एका गरीब वादकाच्या या पोराने पियानोवर स्वतःच्या चिजा वाजवल्या आणि दोघंही थक्क झाली. महिन्याभरात रॉबर्टने लेख लिहून जाहीर केलं की ज्याची वाट पाहत होतो तो हाच. ब्राम्सच्या अंगावर कीर्ती आणि दडपण एकाच दिवशी पडलं.

पुढच्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला बाहेर काढण्यात आलं, आणि त्याच्याच मागणीवरून बॉनजवळच्या एंडेनिश इथल्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. घरी सहा मुलं, सातव्याचे दिवस गेलेले, मिळवती एकटी क्लारा. ब्राम्स धावत आला आणि राहिलाच. क्लारा मैफलींच्या दौऱ्यावर गेली की तो मुलं सांभाळी, रॉबर्टची पुस्तकं आणि स्वरलिप्या लावून ठेवी. रॉबर्टची घरखर्चाची वही होती. तिच्यातल्या नोंदी आता ब्राम्सच्या अक्षरात पडू लागल्या. नोकरांचा पगार, घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, सगळं. दुसऱ्याच्या संसाराचा हिशेब लिहिणारा हा मुलगा त्या संसाराच्या बाईवर जीव टाकून होता. ती त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. पत्रांत आधी ‘आदरणीय बाई’ होतं. 1854 संपता संपता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, आणि ते तिच्या परवानगीने झालं.

अमेरिकन कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात एका विशिष्ट दुःखाला नाव दिलं. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी काम केलं होतं. माणूस गेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. अशा अधांतरी वियोगात घरच्यांना रडून मोकळंही होता येत नाही आणि वाट पाहणंही सोडता येत नाही. माणूस देहाने समोर असून मनाने हरवतो तेव्हाही हेच होतं, असं त्यांनी पुढे मांडलं; स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची सेवा करणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एंडेनिशची अडीच वर्षं या जातीची होती. डॉक्टरांनी क्लाराला नवऱ्याला भेटू दिलं नाही. ब्राम्स मात्र जाऊन भेटून येई आणि तिला हकिकत सांगे. रॉबर्ट होता आणि नव्हता. क्लारा विवाहित होती आणि एकटी होती. या दोघांच्या नात्याला त्या काळात हो म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायची गरज नव्हती. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ज्याला प्रेम भेटतं ते असं, दार अर्धवट लोटलेलं, तो पुढे प्रेमाची व्याख्याच तशी करून बसला तर मला नवल वाटत नाही. पूर्णपणे मिळणारं माणूस त्याला संशयास्पद वाटणार.

29 जुलै 1856 रोजी रॉबर्ट वारला. शेवटच्या दोन दिवसांत क्लाराला त्याच्याजवळ जाता आलं. मग ती, ब्राम्स, ब्राम्सची बहीण आणि क्लाराचे दोन मुलगे स्वित्झर्लंडला हवापालटासाठी गेले. ल्युसर्नच्या सरोवराकाठी गेर्साउ नावाच्या गावी राहिले. आता आडकाठी कुणाची नव्हती. तिथे दोघांत काय बोलणं झालं याची नोंद दोघांनीही मागे ठेवलेली नाही, मात्र निकाल माहीत आहे. शरद ऋतूत ब्राम्स हॅम्बुर्गला निघून गेला. त्याला गाडीत बसवून परतताना क्लाराला एखाद्या अंत्यविधीहून परतल्यासारखं वाटलं, असं तिने रोजनिशीत लिहून ठेवलं.

ब्राम्सला क्लारा मिळाली नाही म्हणून तो तिच्यात अडकला, हा सर्वांचा आवडता उलगडा. तो 1856 च्या या वळणावर लंगडा पडतो. मिळण्याची शक्यता निर्माण झाली तेव्हाच तो उठून गेला. त्याला सोडवत नव्हती ती क्लारा की क्लाराची वाट पाहण्याची अवस्था, हा प्रश्न इथे विचारला पाहिजे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

आता आगाथे.

1858 च्या उन्हाळ्यात ब्राम्स ग्योटिंगेनला गेला. हे विद्यापीठाचं गाव. गणितज्ञ गाउस तिथेच राहून तीन वर्षांपूर्वी वारला होता. तिथे त्याचा मित्र युलिउस ओटो ग्रिम संगीत शिकवायचा. ग्रिमच्या मंडळींत आगाथे फॉन झीबोल्ड होती. वय तेवीस, विद्यापीठातल्या प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकांची मुलगी. काळेभोर केस, हसरा स्वभाव, आणि गळा असा की व्हायोलिनवादक योआखिमला तो आमाती घराण्याच्या व्हायोलिनसारखा वाटला. व्हायोलिनवाल्यांच्या जगात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. ब्राम्स गाणी लिही आणि ती गाई. ओपस 14 आणि 19 मधली गाणी त्या दिवसांतली आहेत. लपंडाव, लांबच लांब फिरायला जाणं, संध्याकाळी पियानोभोवती जमणं: ब्राम्सच्या आयुष्यात पंचविशीपर्यंत न आलेलं तारुण्य त्याला तिथे एकदम भेटलं.

क्लाराही मुलांना घेऊन त्याच उन्हाळ्यात तिथे आली होती. ब्राम्सचा हात आगाथेच्या कमरेभोवती असलेला तिला दिसला आणि ती सामान बांधून निघून गेली, असं चरित्रकार सांगतात. तिला दोष देणं सोपं आहे. दोन वर्षांपूर्वी ज्याला निरोप देताना अंत्यविधी आठवला, त्याला दुसरीबरोबर पाहताना तिने काय करायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही.

हिवाळ्यात ब्राम्स परत आला आणि दोघांनी अंगठ्या बदलल्या. चारचौघांत साखरपुडा झाला नाही, पण गाव लहान, प्राध्यापकांची वस्ती. बोभाटा व्हायचा तो झालाच. ग्रिमला अवघड झालं. त्याच्या घरातून जमलेलं हे प्रकरण आणि मुलीच्या नावाचा प्रश्न. तू काय ते ठरव, असं त्याने मित्राला सांगितलं. आपल्याकडे अशा वेळी मामा किंवा थोरला भाऊ जे बोलला असता, तेच हे.

त्याच जानेवारीत ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो लोकांपुढे यायचा होता. या रचनेकडे नीट पाहा. तिची सुरुवात झाली होती 1854 मध्ये, रॉबर्टने नदीत उडी घेतल्यानंतरच्या हादऱ्यात. पहिल्या भागाच्या तोंडीच पखवाजासारखे गडगडणारे टिंपनी आणि वर चिरत जाणारे व्हायोलिन येतात ते उगीच नाहीत. मधल्या संथ भागाबद्दल ब्राम्सने क्लाराला पत्रात कळवलं होतं की तुझंच एक कोमल चित्र रंगवतो आहे. म्हणजे बोटात आगाथेची अंगठी होती, आणि हातात घेऊन निघाला होता तो क्लारा-रॉबर्टच्या घरातला सगळा जुना कल्लोळ.

हॅनोव्हरमध्ये 22 जानेवारी 1859 रोजी कार्यक्रम झाला, बरा झाला. पाच दिवसांनी लाइपझिगला मात्र हसं झालं. चारदोन टाळ्या पडायला लागल्या न लागल्या तोच सभागृहातून फिस्कारे सुरू झाले. ब्राम्सने योआखिमला पत्रात ते थट्टेच्या सुरात कळवलं, पण घाव खोल होता. कैक वर्षांनी आपल्या अविवाहित राहण्याचं कारण तो विडमान या लेखक मित्राला सांगताना त्या रात्रीच्या आसपासच घुटमळला: हार खाऊन घरी यावं आणि बायकोने सांत्वन करावं, तिच्या डोळ्यांतली कीव पाहावी, हे आपल्याला सोसलं नसतं.

मग ग्योटिंगेनला पत्र गेलं. त्यातला मजकूर आपल्यापर्यंत आगाथेच्या आठवणींतून येतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे, तुला भेटलंच पाहिजे, मात्र बेड्या मला चालणार नाहीत. आता सांग, येऊ का? सार एवढंच. लग्नाला नकार आणि प्रेमाला होकार, दोन्ही एका दमात, आणि वर निर्णयाचं ओझं तिच्या अंगावर. पत्राची ही घडण आजही सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘मी तयार नाही, पण तू जाऊ नकोस’ असं फोनवर ऐकलेली माणसं प्रत्येक मित्रमंडळात सापडतील. ऐकणाऱ्याला वाटतं, हा अडलेला आहे, थोडा धीर धरला तर सुटेल. बोलणाऱ्यालाही बहुधा तसंच वाटत असतं. तो खोटं बोलत नसतो, आणि तीच पंचाईत असते.

आगाथेने धीर धरला नाही. तिने संबंध तोडल्याचं कळवलं.

इथे लोक ब्लूमा झायगार्निकचं नाव काढतात. अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असा तिचा 1927 चा प्रयोग. त्यावरून अर्धवट राहिलेली प्रेमं विसरत नाहीत असं सिद्ध करण्याची पद्धत पडली आहे. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम कधी दिसला, कधी नाही. आणि दिसला तरी कोडी सोडवणं आणि माणूस सोडणं यांना एका मापाने मोजणं मला अतिरेकी वाटतं. ब्राम्सबाबत तर ते उलटच पडतं: आगाथेचं प्रकरण अर्धवट राहिलेलं होतं, क्लाराचं निदान 1856 मध्ये एका टोकाला पोचलं होतं. तरी जन्मभर मुक्काम राहिला तो क्लाराकडे.

त्यापेक्षा त्याच्या घराकडे पाहिलेलं बरं. त्याची आई बापाहून सतरा वर्षांनी मोठी होती. ब्राम्स जन्मला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. शिवणकाम करणारी, पायाने अधू, घराला धरून राहिलेली. वयाने मोठी, कष्टांनी दमलेली, मुलांत अडकलेली बाई म्हणजे आपली बाई, हे समीकरण त्याच्या मनात शुमानांच्या घरी पहिल्यांदा मांडलं गेलं नसावं. आगाथे त्या समीकरणात कुठेच बसत नव्हती. तिला वाचवायचं नव्हतं, तिचा हिशेब लिहायचा नव्हता. तिला नुसतं बरोबर राहणारा माणूस हवा होता.

1864 मध्ये ब्राम्स ग्योटिंगेनला जाऊन आला. आगाथे तिथे नव्हती. वडील वारल्यावर ती आयर्लंडमध्ये एका कुटुंबात मुलांना शिकवायला गेली होती. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये त्याच्या आईबापांनी वेगळं बिऱ्हाड केलं, आणि 1865 च्या फेब्रुवारीत आई वारली. षट्क या सगळ्याच्या मधोमध लिहिलं गेलं. पण लिहिलं कुठे? बरंचसं बाडेन-बाडेनजवळच्या लिश्टेंटाल गावी. तिथे क्लाराने घर घेतलं होतं आणि उन्हाळ्यात ब्राम्स तिच्या शेजारपाजारी येऊन राहत असे. आगाथेपासून मोकळं होण्याची रचना क्लाराच्या अंगणाजवळ तयार झाली.

आणि रचनेच्या आतही तेच आहे. पहिल्या भागात आगाथेचं नाव आहे, ते सगळे सांगतात. दुसऱ्या भागाची चाल 1854-55 च्या सुमारास लिहिलेल्या एका गावोत नृत्यातून उचललेली आहे, एंडेनिशच्या दिवसांतली. तिसऱ्या, संथ भागाचा मुखडा तर त्याने 1855 मध्ये क्लाराला पत्रातून पाठवलेला होता. नऊ-दहा वर्षं जपून ठेवलेली ती ओळ त्याने इथे वापरली. आगाथेला पाच स्वर मिळाले, आणि ते संपल्यावर पुढची दोन दालनं थेट ड्युसेलडॉर्फच्या घरात उघडतात. मुखडा कुठून आला हे न कळताही हा तिसरा भाग ऐकावा. पहिल्या भागात आहे ती उसळी इथे नाही. वाद्यं एकेक करून जागा चाचपत आल्यासारखी शिरतात.

नाव स्वरांत लपवण्याची युक्तीदेखील त्या घरातलीच. रॉबर्ट शुमानने तरुणपणी एर्नेस्टिने फॉन फ्रिकेन या मुलीशी लग्न ठरवलं होतं. ती आश नावाच्या गावची. गावाच्या नावाची अक्षरं घेऊन रॉबर्टने ‘कार्नावाल’ हा पियानोचा अख्खा संच बांधला. ते लग्न मोडलं, संच छापला गेला, आणि रॉबर्ट क्लारासाठी तिच्या बापाशी कोर्टात भांडायला लागला. 1840 मध्ये, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने लग्न केलं. जुन्या प्रेमाचं संगीत करणं आणि नव्या माणसाबरोबर संसार करणं ही दोन्ही कामं एकाच हातून होतात, याचा दाखला गुरूने घरातच ठेवला होता. शिष्याने त्यातलं पहिलंच उचललं.

क्लाराबद्दलही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर ती या गोष्टीत नुसती सावली होऊन बसेल. भूतकाळ सोडवत नव्हता तो तिलाही. रॉबर्टनंतर तिने काळे कपडे घातले ते कायमचे. जवळपास पस्तीस वर्षं ती त्या वेषात व्यासपीठावर बसली. रॉबर्टच्या समग्र रचनांची आवृत्ती तिने काढली, त्यात ब्राम्सची मदत घेतली, आणि 1891 च्या सुमारास त्याच्याशी बिनसलं तेही रॉबर्टवरूनच: चौथ्या सिंफनीचा जुना खर्डा ब्राम्सच्या पुढाकाराने छापला गेला हे तिला खपलं नाही. 1893 मध्ये तिने रॉबर्टच्या चेलोसाठीच्या पाच रचना जाळून टाकल्या, त्याच्या पडत्या काळातल्या आणि त्याच्या नावाला न शोभणाऱ्या म्हणून. तिच्यात आणि ब्राम्समध्ये फरक असा की तिचं मागे पाहणं हे काम होतं. तिने ते उघड पत्करलेलं होतं, त्याचं वेळापत्रक होतं, त्यात नवीन माणूस ओढून आणलेलं नव्हतं.

ब्राम्सने मात्र पुन्हा ओढलं. या वेळचं माणूस क्लाराच्या घरातलंच होतं, तिची तिसरी मुलगी युली. नाजूक प्रकृतीची, देखणी. 1861 मध्ये ब्राम्सने तिला चार हातांनी वाजवायची पियानोची एक रचना अर्पण केली होती. त्या रचनेचं मूळ सूत्र रॉबर्टचं, ऱ्हाईनमध्ये उडी घेण्याच्या सुमारास लिहिलेलं, त्याचं शेवटचं. सोळा वर्षांच्या मुलीला भेट म्हणून हे! पुढे तिच्याबद्दल त्याच्या मनात जे वाढत गेलं ते त्याने कुणाजवळ उच्चारलं नाही, तिच्याजवळ तर नाहीच.

1869 च्या जुलैत क्लाराने त्याला, इतरांच्या आधी, आनंदाची बातमी सांगितली: युलीचं एका इटालियन सरदाराशी जमलं. ब्राम्स कसेबसे दोन शब्द बोलला आणि निघून गेला. क्लाराला तेव्हा उलगडा झाला. सप्टेंबरात लिश्टेंटालला लग्न झालं. त्यानंतर काही दिवसांतच तो एक नवी रचना घेऊन क्लाराकडे आला. गटेच्या कवितेतल्या एका एकाकी माणसावरच्या ओळी, स्त्रीचा खर्जातला आवाज आणि पुरुषांचं समूहगान. ‘आल्टो रॅप्सोडी’ म्हणून ती आज ओळखली जाते. ब्राम्स तिला आपलं लग्नगीत म्हणाला, आणि त्या म्हणण्यातला कडवटपणा क्लाराने रोजनिशीत टिपून ठेवला. तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि ज्या घरात सोळा वर्षांपूर्वी शिरला त्याच घराच्या उंबऱ्यावर होता.

आगाथे ग्योटिंगेनला परतली होती. 1868 मध्ये तिने शुट्टे नावाच्या डॉक्टरशी लग्न केलं. पुढे मुलं झाली. उतारवयात तिने ब्राम्सच्या दिवसांबद्दल लिहिलं, तेही तृतीयपुरुषी, कुणा दुसऱ्याच मुलीची कथा सांगावी तसं. त्यात तिने कबूल केलं आहे की त्या पत्राला नकार देताना प्रेमाशी कर्तव्याची आणि मानाची झुंज झाली, आणि गेलेल्या सुखासाठी ती कितीतरी वर्षं रडली. तिलाही विसरणं सोपं गेलं नव्हतं. तरीही ‘आल्टो रॅप्सोडी’ क्लाराच्या पियानोवर उघडली गेली तेव्हा ती शुट्टे बाई होऊन वर्ष झालं होतं.